रायगडाला समुद्र नाही, क्षमस्व

शनिवारी सकाळी रायगडाच्या पायथ्याला हिरकणीवाडीत गाडी थांबते, काच अर्धी खाली येते आणि आतल्या गारव्यातून प्रश्न येतो, 'दादा, बीच किती लांब?'

दादा विचारतो, 'कुठला?'

'अहो, रायगडचा!'

पर्यटकाला हसू नका. घोळ सरकारी आहे. 1981 साली मुख्यमंत्री अंतुल्यांनी कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड केलं. नाव घेतलं डोंगराचं, कचेरी राहिली अलिबागच्या समुद्राकाठी. तेव्हापासून अलिबाग, मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, जिथे वाळू तिथे 'रायगड'. मोबाइलवर 'रायगड, सी व्ह्यू' टाकून बघा. ढिगानं खोल्या निघतात. एकीच्याही खिडकीतून रायगड दिसत नाही.

पोलादपूरच्या माणसाला हा भूगोल पाठ आहे. जिल्ह्याच्या कचेरीत काम निघालं की शंभरावर किलोमीटर तुडवून त्याला समुद्र बघावाच लागतो. हौस असो वा नसो.

तेव्हा हिरकणीवाडीला येणाऱ्यांनी बर्म्युडा आणि फुगवायची ट्यूब घरीच ठेवावी. लाट हवी असेल तर हरिहरेश्वर गाठा. मोबाइल जेवढा वेळ सांगेल त्यात अर्धा तास स्वतःचा घाला. म्हसळ्याकडची वळणं मोबाइलला विचारून काढलेली नाहीत.

एके काळी समुद्र जवळ होता, हेही खरं. सावित्रीच्या खाडीतून गलबतं महाडपर्यंत येत. महाड हे नावाजलेलं बंदर. खाडी गाळानं भरली, बंदर गेलं, गलबतं थांबली. आता सावित्रीतून फक्त पूर येतो. 2021 च्या जुलैत तो महाडच्या बाजारपेठेत शिरला आणि दुकानांच्या पाट्यांवरून गेला.

पण पर्यटकाला पुराची नाही, परतीची घाई. त्याचा बेत बघा. शुक्रवारी रात्री मुंबई सोडायची. शनिवारी सकाळी रायगड, दुपारी प्रतापगड, संध्याकाळी महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी विथ क्रीम. रविवारी उतरून हरिहरेश्वर, वाटेत दिवेआगरचा सुवर्णगणेश, सोमवारी साडेनऊला मीटिंग.

एवढी दौड आदिलशाहीनंही कुणाला करायला लावली नव्हती.

आणि ही दौड कुठल्या रस्त्यावर? मुंबई-गोवा महामार्गावर. चौपदरीकरणाचं काम 2011 मध्ये सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेलं पोर आता मतदान करून आलं. दर गणपतीला मंत्री पाहणी करतात, दर गणपतीला नवी तारीख मिळते, आणि दर गणपतीला चाकरमानी तेच खड्डे नव्या उत्साहानं मोजतो.

जमत नाही असं मात्र नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्यानंतर नवा पूल उभा राहिला तो 165 दिवसांत. मनात आणलं तर काय होतं, हे सरकारनं एकदा दाखवून दिलं.

मग मन दुसरीकडे गेलं.

पुणेकर म्हणेल, आम्ही महामार्गाच्या भानगडीत पडतच नाही, वरंधमार्गे येतो. अवश्य या. फक्त पावसाळ्यात नको. वाहतूक बंदीचा आदेश तिथे जवळजवळ दरवर्षी निघतो आणि तो न वाचण्याची प्रथाही तितकीच जुनी. भोरच्या पुढे अडवणाऱ्या पोलिसाला मोबाइल दाखवून 'पण मॅपवर रस्ता चालू आहे' म्हणणारा हटकून पुणेकर निघतो. बरोबर आहे. दरड कोसळण्याआधी मॅपला कळवायला हवं होतं.

रेल्वेनं यायचं तर कोकण रेल्वेचं वीर स्थानक. तिथून महाड, महाडहून रायगड. एसटीनं आपल्या निमआराम गाडीला हिरकणीचं नाव दिलं. बसस्थानकावर तान्ह्या बाळाच्या आईसाठी जी खोली असते तिला हिरकणी कक्ष म्हणतात. 2019 साली हिरकणीवर सिनेमा आला. एवढा गौरव झाल्यावर हिरकणीच्या वाडीत कसं यायचं?

लाल डब्यातून.

वाडीत पोचलात की रोपवे. 1996 पासून इथूनच पाळणा वर जातो, चार-पाच मिनिटांत. ती चार-पाच मिनिटं मिळवायला सुट्टीच्या दिवशी दोन-दोन तास रांग. वारा सुटला किंवा ढग उतरले की पाळणा थांबतो आणि रांगेतला माणूस ऑपरेटरवर चिडतो. जणू वारा त्याच्या कपाटात असतो.

ही वाडी कुणाच्या नावाची, हे रांगेत उभं राहून आठवून बघायला हरकत नाही. वेळ भरपूर असतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद, खाली घरी तान्हं पोर. ती कडा उतरून गेली. कोजागरीची रात्र होती म्हणतात. शिवाजी महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला आणि तिला साडीचोळी दिली.

आता त्याच कड्याच्या पायथ्याशी लोक विचारतात, 'व्हीआयपी लाइन वेगळी नाहीये का?'

पायऱ्यांनी गेलात तर चौदाशेच्या वर पायऱ्या. अर्ध्यावर बसलेला माणूस महादरवाज्याकडे बघून जे बोलतो ते छापण्याजोगं नसतं. घरी गेल्यावर तो रिव्ह्यू लिहितो. चढ फार, सावली नाही, वर पोचेपर्यंत दम निघतो, एक तारा. गंमत बघा. रायरीचा, म्हणजे या रायगडाचाच, डोंगर राजधानीसाठी निवडला तो नेमका याच कारणांसाठी. येणाऱ्याचा दम निघावा, त्याला सावली मिळू नये, महादरवाजा नाकासमोर येईपर्यंत दिसू नये. साडेतीनशे वर्षांनीही गड आपलं काम चोख करतोय. हिरोजी इंदुलकरांच्या बांधकामाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठलं?

तो एक तारा खरं तर पाच ताऱ्यांचा आहे.

वैतागलेला पाहुणाही इथे नवा नाही. 1674 च्या मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन तहाची बोलणी करायला मुंबईहून आला. महाराज प्रतापगडाला भवानीच्या दर्शनाला गेलेले. साहेबाला पायथ्याशी पाचाडला मुक्काम ठोकून वाट बघावी लागली. 'आमचं ऑनलाइन बुकिंग आहे' म्हणायची सोय नव्हती.

गडावर गेल्यावर साहेबाच्या मंडळींनी बकऱ्याच्या मटणावर असा हात मारला की मांस पुरवणारा खाटीक हे लोक आहेत तरी कसे, हे बघायला स्वतः हजर झाला. आधीच्या काही वर्षांत खपलं नव्हतं तेवढं त्याचं मटण त्या एका मुक्कामात खपलं. पर्यटनातून स्थानिकांना रोजगार, याचा हा बहुधा पहिला लेखी पुरावा.

ऑक्झिंडेननं राज्याभिषेक बघितला. दारापाशी हत्ती झुलताना बघून त्याला प्रश्न पडला, हे एवढ्या उंच चढले कुठून? त्याचं कुतूहल रास्त होतं. आताचा पाहुणा विचारतो, 'फॉर्च्युनर कुठपर्यंत जाते?'

जेवणाचं म्हणाल तर हिरकणीवाडीत सुरमई थाळी मागू नका. मिळाली तर अजिबात खाऊ नका. समुद्रापासून इथवर तिनं जो प्रवास केला असेल तो तुमच्यापेक्षा खडतर असतो. घरगुती खानावळीत पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा, वरणभात सांगा. आधी सांगा. चाळीस माणसं अचानक दारात उतरवून 'मावशी, पाच मिनिटांत वाढा' म्हणणाऱ्याला भाकरी थापायला किती वेळ लागतो ते एकदा परातीपुढे बसवून दाखवलं पाहिजे.

गडावर ताक, दही, लिंबू सरबत मिळतं. तिथेही काही जण घासाघीस करतात. हिरकणीसुद्धा दूध विकायलाच वर जात होती. तिचा बुरूज झाला. ताकवालीशी आपण पाच रुपयांवरून हुज्जत घालतो आणि मग 'हिरकणी पॉइंट कुठाय' म्हणून तिलाच विचारतो.

रोख पैसे ठेवा. डोंगराआड रेंज गेली की मोबाइलमधले लाखभर रुपये ताकाच्या एका ग्लासालाही पुरत नाहीत.

पाण्याचं काय? पाऊस इथे वेड्यासारखा पडतो. आणि त्याच महाड-पोलादपूरच्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागते. सगळं पाणी उतारावरून सावित्रीला, सावित्रीवरून बाणकोटला, तिथून अरबी समुद्राला. वाडीला उरतो तो कागदावरचा प्रस्ताव. तुमच्या खोलीतल्या शॉवरला धार बारीक येते म्हणून मॅनेजरवर ओरडण्याआधी खिडकीचा पडदा बाजूला सारून मागच्या विहिरीवर एक नजर टाका.

मग शॉवर पुरेसा वाटेल. निदान जोरात बोलायची लाज वाटेल.

गडावर मात्र पाण्याची जमवाजमव आधी झाली. गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, शिवाय खडकात खोदलेली टाकी. राजधानी डोंगरावर न्यायची तर पावसाचं पाणी डोंगरावरच धरून ठेवलं पाहिजे, हे सतराव्या शतकात कळलेलं होतं. एकविसाव्या शतकात आपण त्या तळ्यांत प्लास्टिकच्या बाटल्या तरंगवून दाखवल्या.

घरातल्या थोरांना 'एकदा तरी रायगड दाखवायचा' म्हणून भर मे महिन्यात पायऱ्यांवर ओढत नेणारे चिरंजीव भेटतात. भावना थोर. पण खुद्द महाराजांनी आपल्या आईसाठी वाडा बांधला तो खाली पाचाडला. गडावरचा वारा आणि गारठा जिजाऊंना सोसत नव्हता, असं सांगतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या दोन आठवड्यांच्या आत, 17 जून 1674 ला, त्या पाचाडलाच गेल्या. समाधी तिथेच आहे, रस्त्यालगत. गाड्या तिथून सुसाट जातात. मातृभक्तीची रील वर जाऊन करायची असते ना!

रीलवरून आठवलं, टकमक टोक. सुटलेल्या वाऱ्यात कड्याच्या काठावर पाठ करून उभं राहायचं आणि हात लांब करून फोटो काढायचा, हा नवा शौर्यप्रकार. इथली जुनी गोष्ट ऐका. महाराजांवर छत्र धरणारा सेवक याच टोकावर वाऱ्यानं उचलला गेला, छत्रीच्या आधारानं तरंगत खाली निजामपुरात सुखरूप उतरला, म्हणून ते गाव छत्री निजामपूर. खरी-खोटी ज्याची त्यानं ठरवावी. पण एवढं ध्यानात असू द्या.

त्याच्या हातात छत्री होती. सेल्फी स्टिक नव्हे.

राजसदरेवर गाइड एक प्रयोग दाखवतो. नगारखान्यापाशी हळू आवाजात बोललेलं पार सिंहासनाच्या जागी ऐकू येतं. ज्यांनी हे साधलं त्यांना स्पीकर लागला नाही. आपण पाठीवरच्या पिशवीत ब्लूटूथ स्पीकर लटकवून येतो आणि पोवाड्यातून अर्ध्यात रीमिक्सवर जातो.

आणि नावं! चुन्याची भिंत दिसली की काहींच्या खिशातली किल्ली वळवळते. बाण, बदाम, खाली दोघांची नावं. हिरोजी इंदुलकरांनी अख्खी राजधानी उभी केली आणि आपलं नाव कोरवलं ते जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांखाली. ज्यानं सगळं बांधलं त्याला एक पायरी पुरली. ज्यानं फक्त तिकीट काढलं त्याला भिंत लागते.

कधी यावं? मधल्या वारी, थंडीत. हे सांगून उपयोग नाही, कारण सगळे येणार जुलैच्या रविवारीच. 2024 च्या जुलैत गडाच्या पायऱ्यांवरून असा लोंढा आला की माणसं कठड्याला आणि एकमेकांना धरून कशीबशी उभी राहिली. प्रशासनाला पायवाट बंद करावी लागली. तो व्हिडिओ देशभर फिरला. बघून धसका घेणारे थोडे, 'लोकेशन पाठव ना' म्हणणारे फार.

इथला पाऊस ही मजा नाही, हे इथल्यांना सांगावं लागत नाही. 2021 मध्ये महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याआधी 2018 च्या जुलैत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस महाबळेश्वरला सहलीला निघाली आणि आंबेनळी घाटात दरीत कोसळली. तीस जण गेले. त्याच घाटात धुक्यात डिपर मारत पुढच्याला बाजूला सारणाऱ्या गाड्या अजून दिसतात. त्यांना थांबवून हे सांगावं म्हटलं तर त्या थांबत नाहीत.

गर्दीचे आणखी दोन दिवस लक्षात ठेवा. राज्याभिषेक दिन तारखेनं 6 जूनला, तिथीनं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. दोन्ही दिवशी गड फुलतो, दोन्हीकडचे लोक आपलाच दिवस खरा म्हणतात. पाहुण्यांनी या वादात पडू नये. खुद्द महाराजांनाही त्याच 1674 च्या सप्टेंबरात निश्चलपुरींच्या हातून दुसरा, तांत्रिक राज्याभिषेक करून घ्यावा लागला होता. एका मुहूर्तावर महाराष्ट्राचं समाधान होत नाही, ही परंपरा गडाइतकीच जुनी आहे.

गड सोडून आजूबाजूला काही आहे का, असंही विचारतात. आहे की. महाड शहरात चवदार तळं आहे. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी हजारोंना घेऊन तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याच्या त्या ओंजळीवर हायकोर्टाची मोहर उमटायला 1937 उजाडलं. तिथे येऊन काय विचारतात?

'बोटिंग बंद आहे का?'

महामार्गाच्या कडेला गांधारपाले लेणी आहेत, वाहतूक तुंबली की गाडीत बसल्या बसल्या डोळे भरून बघता येतात. पोलादपूर तालुक्यात उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. त्यांच्यावरचा सिनेमा दोनदा बघितलेल्यांनाही ते वाटेवर आहे हे ठाऊक नसतं, कारण पडद्यावर पाटी दिसली नव्हती. शिवथरघळ आहे. समर्थांनी दासबोधासाठी निवडलेली एकांताची जागा. पावसाळी रविवारी तिथे धबधब्याखाली एवढी गर्दी असते की एकांताला बाहेर उभं राहावं लागतं.

2025 च्या 11 जुलैला पॅरिसमध्ये रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा झाले. अकरा आपले, एक तमिळनाडूतला जिंजी. फटाके झाले, पेढे झाले, कुणामुळे झालं याचे फलक तर रातोरात झाले. आता जगभरातून लोक येणार म्हणतात. येऊ देत. ते पुस्तक वाचून येतील, पाणी बरोबर आणतील, कचरा बरोबर नेतील. मग आपल्याला कळेल की आपल्याकडे बघण्यासारखं काहीतरी होतं. त्यांना लागणारं स्वच्छतागृह मात्र पॅरिसहून येणार नाही.

शक्य असेल तर एक रात्र वाडीत राहा. पहाटे पायऱ्या चढा, दुपारच्या आत पाळण्यानं उतरा, पाचाडला थांबा, मग महाड. समुद्र पुढच्या खेपेला. तो कुठे जात नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावरही उतरताना पाळण्यात एकजण हमखास विचारतो, 'पण वर राजवाडा कुठे होता? आम्हाला नुसते चौथरेच दिसले.'

त्याला सांगावं लागतं, होता. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे पेटले, कित्येक दिवस जळत राहिले. लाकूड गेलं, जोती उरली.

तो क्षणभर हळहळतो. मनापासून.

'छे हो,' म्हणतो, 'काय मस्त हेरिटेज रिसॉर्ट झालं असतं!'